जिम्नीची चाकं: आधी काट्यावर, मग गाडीवर

मारुतीच्या पाचदरवाजी जिम्नीच्या मागच्या दारावरची स्टेपनी काढली आणि किराण्याच्या होलसेल दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठेवली. कंपनीचं १५ इंची अलॉय, त्यावर १९५/८० आर १५ चा टायर (१९५ मिलिमीटर रुंद, बाजूची उंची रुंदीच्या ८० टक्के, १५ इंची रिमसाठी), हवा भरलेली. आकडा आला १८.४ किलो. घरचा पायाखालचा काटा या कामाला चालत नाही. त्यावर चाक नीट बसत नाही, आणि चाक कवटाळून उभं राहून स्वतःचं वजन वजा करायला गेलं तर दर वेळी वेगळाच आकडा येतो. पोती मोजायचा सपाट काटा घ्या, ५० ग्रॅमपर्यंत दाखवणारा.

नुसता एकत्रित आकडा पुरत नाही. टायर आणि रिम वेगळं मोजायला हवं. टायरवाल्याकडे टायर उतरवून घेतला तेव्हा टायर १०.६ आणि अलॉय ७.८ निघालं. तुमच्या काट्यावर पाव-अर्धा किलो इकडेतिकडे होईल. टायर घासला की तेवढं वजन जातंच. पण हे दोन आकडे वहीत लिहिल्याशिवाय नवीन टायर बघायला जाऊ नये. दुकानात वजन विचारलं तर बहुतेक ठिकाणी ‘एकदम मजबूत आहे साहेब’ हे उत्तर मिळतं. ते वजनाचं उत्तर नव्हे.

मग तीन नवे टायर त्याच काट्यावर चढवले. पहिला २१५/७५ आर १५, ए/टी (ऑल-टेरेन, रस्ता आणि माती दोन्हींसाठी), साध्या पॅसेंजर बांधणीचा: १३.२ किलो. दुसरा त्याच मापाचा, पण एलटी (लाइट ट्रक) बांधणीचा सहा प्लायचा (प्लाय हे टायरच्या मजबुतीचं माप): १५.१. तिसरा २३५/७५ आर १५, एम/टी (मड-टेरेन, चिखलासाठीचा), एलटी: १९ किलो. पहिल्या दोघांचं माप एकच आहे, बाजूवर छापलेले आकडेही जवळपास सारखे, तरी एकेका टायरमध्ये जवळजवळ दोन किलोंचा फरक. रिममध्ये १५ बाय ७ चं लोखंडी १०.४ भरलं.

आता मापांचं गणित. १९५/८० आर १५ चा व्यास ६९३ मिलिमीटर. २१५/७५ चा ७०३, म्हणजे दीड टक्का जास्त. २३५/७५ चा ७३३, म्हणजे ५.८ टक्के जास्त. कंपनीचं रिम साडेपाच इंच रुंद आहे. त्यावर २१५/७५ बसतो, २३५/७५ ला मात्र किमान सहा इंची रिम लागतं. म्हणजे २३५ घ्यायचा ठरवला की रिमचा खर्च आणि रिमचं वजन दोन्ही मागोमाग येतात. हौसेने लोखंडी रिम घेतलं तर चाक १९ अधिक १०.४, म्हणजे २९.४ किलोचं झालं. मूळ चाकापेक्षा बरोबर ११ किलो जास्त. पाच चाकांचे ५५. जिम्नीचं स्वतःचं वजन साधारण १२१० किलो आणि भरल्या गाडीची मर्यादा १५४५. माणसं, सामान, विंच, रूफ कॅरिअर हे सगळं मिळून जेमतेम ३३५ किलोंत बसवायचं असतं, आणि त्यातले ५५ चाकांनीच खाल्ले.

पण ५५ हा आकडाही पुरता खरा नाही, कारण चाकातलं वजन फिरतं. रसवंतीच्या यंत्राला बाजूला मोठं जड चाक असतं बघा. त्याचं वजन मुद्दाम कडेला दिलेलं असतं, ऊस मध्ये आला तरी चाकाने दम सोडू नये म्हणून. तेच वजन आसाजवळ असतं तर त्याचा काही उपयोग झाला नसता. गाडीच्या चाकात आपल्याला नेमकं उलटं हवं असतं. टायरचं बहुतेक वजन नक्षीपाशी, म्हणजे अगदी कडेला असतं. त्यामुळे गाडी पुढे ढकलताना टायरमधला एक किलो साधारण १.७ किलोसारखा वागतो. रिम बरंच आत असतं, त्यातला एक किलो साधारण सव्वा किलोसारखा. ‘चाकातला एक किलो म्हणजे बॉडीतले दहा’ हे गॅरेजच्या कट्ट्यावर छातीठोकपणे सांगितलं जातं. वेग घेण्याच्या बाबतीत ते खोटं आहे. घन चकती असो की नुसतं कडं, फिरतं वजन दुपटीच्या वर जाऊच शकत नाही.

या हिशेबाने २३५ चं लोखंडी चाक मोजू. चार टायरांत वाढलेले ३३.६ किलो गुणिले १.७, म्हणजे ५७. चार रिममध्ये वाढलेले १०.४ गुणिले १.२५, म्हणजे १३. स्टेपनी फिरत नाही, तिचे ११ तसेच. एकूण ८१ किलो. चालक धरून गाडी १२८० ची मानली तर ओढ सहा टक्क्यांनी कमी झाली. त्यावर व्यास वाढल्यामुळे सगळे गिअर ५.८ टक्क्यांनी लांबले. दोन्ही मिळून ११ टक्के. इंजिन दीड लिटरचं, १३४ न्यूटन-मीटर टॉर्कचं. ताम्हिणी घाटाच्या चढावर जी गाडी तिसऱ्यात रेटत जात होती ती दुसरा मागते, याचं कारण हे. फोर लोमध्येही (चारही चाकांना ताकद देणाऱ्या सगळ्यात हळू गिअरमध्ये) तीच गत: मॅन्युअलमध्ये पहिला गिअर, लो आणि अॅक्सलचा गिअर मिळून ३६:१ च्या आसपासचा गुणक असतो, तो ३४ वर येतो. खडकावर हळू उतरताना गाडी किंचित जास्त पळते आणि पाय ब्रेककडे जातो.

तुलनेला पहिला टायर, १३.२ किलोचा, कंपनीच्याच अलॉयवर. वाढ फक्त २.६ किलो दर चाकामागे, तीही सगळी टायरमध्ये. फिरत्या हिशेबाने चार चाकांचे १८ किलो, स्टेपनीचे अडीच. गिअर दीड टक्का लांबले. गाडी चालवताना हे जाणवत नाही, आणि नक्षी मात्र खोल मिळते. जिम्नीवर रोज ऑफिसला जाऊन महिन्यातून एक-दोनदा चिखलात उतरणाऱ्याने याच्या पुढे जायचं कारण आम्हाला दिसत नाही.

प्लायचा मोह मोठा असतो, म्हणून त्यावर थोडं. मूळ टायरचा लोड इंडेक्स ९६ आहे, म्हणजे एका टायरला ७१० किलो. चार टायरांचे २८४० झाले, आणि भरलेली गाडी १५४५ ची! दहा प्लायचा ई रेटिंगचा टायर हा जड पिकअप आणि मालवाहू गाड्यांचा ऐवज आहे. हलक्या गाडीखाली त्याची बाजू इतकी ताठ राहते की हवा १८ पौंडांवर आणली तरी टायर पसरत नाही, खडकाला मिठी मारत नाही, नुसता उडतो. हवा कमी करायची ती टायर लांबट पसरावा म्हणून. ते होणार नसेल तर जादा प्लाय म्हणजे निव्वळ ओझं. बाजूला चीर जाण्याची भीती खरी आहे, पण त्यावर सहा प्लाय पुरेसा उपाय आहे.

रिमचा प्रश्न वेगळा. लोखंडी रिम आपटलं की वाकतं, हातोड्याने ठोकून कडा सरळ करता येते आणि घरी पोचता येतं. अलॉय आपटलं की तडा जातो. ओतीव अलॉयमध्ये स्वस्त माल भरपूर आहे. रिम उलटं करून आतल्या बाजूला जेडब्ल्यूएल आणि व्हीआयए हे शिक्के आणि किलोंत दिलेली भारक्षमता बघा. नसेल तर कितीही हलकं असलं तरी घेऊ नका. तो हलकेपणा धातू कमी वापरल्याचा असतो. बीडलॉक रिमवर (टायरची कड बोल्टने दाबून धरणाऱ्या) वेगळी कडी आणि दोन-तीन डझन बोल्ट येतात, चार-सहा किलो वजन येतं आणि ते बोल्ट वरचेवर तपासावे लागतात. १५ पौंडांच्या खाली हवा नेणार नसाल तर त्याची गरज नाही.

बसवताना नटांचे तीन तपशील सांभाळायचे. जिम्नीचे स्टड एम १२ बाय १.२५, पीसीडी ५ बाय १३९.७ (पाच स्टड, त्यांच्या वर्तुळाचा व्यास १३९.७ मिलिमीटर), मधलं भोक १०८ मिलिमीटरचं. बाहेरच्या रिमला नटाची बैठक शंकूच्या आकाराची आहे ना, हे नट हातात धरून भोकात बसवून बघा. एअर गनने आवळू देऊ नका, टॉर्क पान्याने १०० न्यूटन-मीटर, एक सोडून एक अशा क्रमाने. आणि लोखंडी रिम असेल तर पहिल्या ८०-१०० किलोमीटरनंतर पुन्हा आवळा. रिमचा रंग नटाखाली चेपला जातो आणि नट तेवढा सैल पडतो. याकडे दुर्लक्ष केलं की भोकं लांबट होतात आणि रिम भंगारात जातं.

ऑफसेट (रिमची हबला टेकणारी बैठक मध्यरेषेपासून किती आत-बाहेर आहे ते, मिलिमीटरमध्ये) हाही वजनाचाच भाग आहे. कंपनीचं रिम अधिक ५ चं. बाजारातलं उणे १० चं घेतलं तर चाक १५ मिलिमीटर बाहेर येतं. जड चाक आणि वरून लांब तरफ, दोन्हींचा मार बेअरिंगवर पडतो. वळताना बंपरच्या कोपऱ्याला टायर घासतो तो वेगळाच. पूर्ण स्टिअरिंग वळवून, एक चाक ठोकळ्यावर चढवून बघितल्याशिवाय ‘बसतंय’ म्हणू नका. सपाट फरशीवर सगळंच बसतं.

बॅलन्सिंगला सगळ्यात जास्त वेळ गेला, आणि बहुतेकांचं इथेच बिघडतं. कारच्या दुकानातल्या मशीनचा कोन, म्हणजे चाक मधोमध धरणारा शंकू, लहान भोकासाठी असतो. १०८ च्या भोकात तो नीट मधोमध बसत नाही, आणि मशीन मन लावून चुकीचा आकडा दाखवतं. पिकअपसाठीचा मोठा कोन आहे का ते आधी विचारा. खात्री करायची रीत सोपी आहे: मशीनवर शून्य आलं की चाक सैल करायचं, शाफ्टवर अर्धा फेरा फिरवून पुन्हा आवळायचं आणि परत फिरवायचं. पाच ग्रॅमपेक्षा जास्त फरक आला तर चाक मधोमध बसलेलंच नाही. टायरवर पिवळा ठिपका असेल तर तो व्हॉल्व्हसमोर ठेवून बसवा. ती टायरची हलकी बाजू. तरीही शंभर ग्रॅमच्या वर शिसं मागितलं तर वजनांची माळ लावत बसण्यापेक्षा टायर रिमवर अर्धा फेरा फिरवून बसवायला सांगा. दुकानदार कुरकुरेल, पण १२० चं ४० वर येताना दिसतं.

५० ग्रॅम म्हणजे एवढंसं काय, असं वाटतं. रिमच्या कडेला ५० ग्रॅम राहिले आणि गाडी ताशी ८० ने चालली, तर चाक सेकंदाला १० फेऱ्या मारतं आणि ते ५० ग्रॅम प्रत्येक फेरीत जवळजवळ चार किलोच्या जोराने चाकाला ओढतात. त्यात चाक आणि अॅक्सल यांची स्वतःची उडी मारण्याची लयही सेकंदाला दहा-पंधरा वेळांच्या घरात असते. चाक जड झालं की ती लय आणखी खाली, नेमकी महामार्गाच्या वेगाशी येऊन जुळते. म्हणून मूळ चाकावर खपून गेलेले ५० ग्रॅम जड चाकावर स्टिअरिंग थरथरवतात.

जिम्नीला पुढेही सरळ अखंड अॅक्सल आहे. एका चाकाचा धक्का दुसऱ्यापर्यंत पोचतो आणि ६०-७० च्या वेगाला एखाद्या खड्ड्यानंतर स्टिअरिंग डावी-उजवीकडे झटकू लागतं. वेग पार कमी केल्याशिवाय थांबत नाही. जड टायर टाकल्यावर हे सुरू झालं की सगळे स्टिअरिंग डॅम्पर बदलतात. नवा डॅम्पर दोन-चार महिने रोग झाकतो. आधी गाडी जॅकवर घ्या. चाक वर-खाली धरून हलवा: खेळ असेल तर किंगपिन बेअरिंग किंवा हबचं बेअरिंग. डावी-उजवीकडे धरून हलवा: खेळ असेल तर टाय रॉडचे एंड. मग पुढच्या लीडिंग आर्मचे आणि पॅनहार्ड रॉडचे (अॅक्सलला जागेवर धरणाऱ्या दांड्यांचे) बुश. हे सगळं घट्ट असेल आणि बॅलन्सिंग वरच्या रीतीने तपासलेलं असेल, तर डॅम्परकडे वळा.

ट्रेलवरून परतताना अचानक थरथर आली तर दोन गोष्टी आधी बघायच्या. एक, चिखल. जांभ्याची लाल माती पाण्याच्या फवाऱ्याने निघते, पण देशावरची काळी माती रिमच्या आत थापून बसते आणि वाळून विटेसारखी होते. पावसाळ्यात शिवारातून आलेलं एक चाक उतरवून न धुता मोजलं, तर पावणेचार किलो जास्त भरलं, आणि बहुतेक माती एकाच अंगाला. उलथन्याने खरवडा, मग धुवा. चिकटवलेली शिशाची पट्टी प्रेशरच्या पाण्याने उडून जाते, म्हणून पट्टी लावण्याआधी जागा थिनरने पुसून कोरडी करायला सांगा.

दुसरी गोष्ट रिम घसरण्याची. हवा १५-१८ पौंडांवर असताना खडकावर जोर दिला की रिम टायरच्या आत थोडं फिरतं. टायर बसवला त्याच दिवशी व्हॉल्व्हच्या समोर टायरच्या बाजूवर पांढऱ्या ऑइल पेंटचा ठिपका द्या. ट्रेलनंतर ठिपका व्हॉल्व्हपासून दोन बोटं सरकलेला दिसला, की मशीनवर न जाताही कळतं की बॅलन्सिंग गेलं. पुन्हा शिसं लावण्याशिवाय इलाज नाही.

शॉकअपवरचा भार आकड्यात पकडता येत नाही, पण रंबलरवर कळतो. त्याच पट्ट्यांवरून, त्याच ४० च्या वेगाने, जुन्या आणि नव्या चाकांनी जाऊन बघा. हलकं चाक खडखडतं आणि लगेच शांत होतं. जड चाक पट्टी संपल्यावरही एक-दोन उड्या मारतं, आणि मागचं अंग वळणावर बाहेर सरकतं. चाक वर उडालं की त्याला खाली आणून थांबवायचं काम शॉकअपचं. कंपनीचा शॉकअप साडेअठरा किलोच्या चाकासाठी जमवलेला आहे. २९ किलोच्या चाकाला जास्त ताकदीचा शॉकअप लागतोच. तो खर्च टायरच्या बजेटात धरा.

मागच्या दाराचं दुखणं उशिरा कळतं. बिजागऱ्यांवर साडेअठराऐवजी साडेएकोणतीस किलो लटकले की दार खाली बसतं, लॉकच्या हुकावर घासल्याच्या खुणा पडतात, आणि मग खडखड. दार उघडताना हाताने किंचित वर उचलावं लागलं तर समजा सुरुवात झाली. बिजागरीला आधार देणारं ब्रॅकेट मिळतं, ते २३५ सोबतच घ्या. स्टेपनी मागच्या रबरी ठोकळ्यांवर हलकी दाबून बसली पाहिजे. हवेत राहिली तर प्रत्येक खड्ड्याला दार हादरतं.

वजन वाचवायला स्टेपनी जुन्याच मापाची ठेवायची युक्ती काहीजण करतात. जिम्नीची फोर व्हील पार्ट-टाइम आहे, मध्ये डिफरन्शिअल (पुढच्या-मागच्या चाकांच्या वेगातला फरक सांभाळणारा गिअर) नाही. साडेपाच टक्के लहान चाक लावून फोर एच किंवा फोर लो टाकलं तर ट्रान्सफर केस आणि शाफ्टमध्ये पीळ भरतो. जुनं चाक लावायचीच वेळ आली तर ते पुढे लावायचं, गाडी टू एचमध्ये (फक्त मागच्या चाकांना ताकद) ठेवायची आणि हळूहळू पंक्चरवाल्यापर्यंत न्यायची. मागचं पंक्चर झालं असेल तर पुढचं चाक मागे, स्टेपनी पुढे. दोन वेळा जॅक लावायचा कंटाळा करू नका. २१५/७५ सोबत फरक दीडच टक्क्याचा आहे, तरीही फोर व्हील टाकायची नाहीच.

रस्त्यावरची हवा ठरवायला खडू लागतो. एलटी टायरला तेवढाच भार पेलायला पॅसेंजर टायरपेक्षा थोडी जास्त हवा लागते, त्यामुळे दारावरच्या स्टिकरचा आकडा जसाच्या तसा चालत नाही. नक्षीवर आडवी जाड खडूची रेघ मारा, सपाट डांबरावर शंभर मीटर सरळ चालवा आणि उतरून बघा. मधलीच रेघ पुसली गेली तर हवा जास्त, कडाच पुसल्या तर कमी. दोन-दोन पौंडांनी बदलत जा. थंड टायरवर, सकाळी.

मायलेजवरून भांडण्याआधी ओडोमीटर सुधारून घ्या. २३५ वर ओडोमीटर १०० किलोमीटर दाखवतो तेव्हा गाडी जवळजवळ १०६ चाललेली असते. स्पीडोमीटरचंही तसंच, मोबाइलच्या जीपीएसशी ६० आणि ८० ला ताडून बघा आणि फरक डॅशवर चिटकवून ठेवा.

कागदपत्रांचं थोडक्यात. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि २०१९ च्या जानेवारीतला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल पाहता, कंपनीच्या मूळ तपशिलांपासून दूर जाणारे बदल अडचणीत आणू शकतात. विमा कंपनीला टायर-रिमच्या बदलाची माहिती लेखी द्या आणि मूळ चार चाकं विकू नका.

थारवाल्यांसाठी एक जोड. १८ इंचीवर २५५/६५ येतो, त्याची बाजू १६६ मिलिमीटर उंच. खालच्या मॉडेलच्या १६ इंचीवर २४५/७५, त्याची बाजू १८४. व्यासात दोन टक्क्यांचाही फरक नाही. म्हणजे रिम लहान करून हवा कमी करायला जास्त रबर मिळतं, तेही कंपनीच्याच मापात. तिथेही लोखंडी १६ उचलण्याआधी दोन्ही चाकं काट्यावर ठेवा. रिम लहान झालं म्हणून चाक हलकं झालं असं होत नाही.